विसरभोळ्या ब्राउझरची दुपार

आमच्या धुळ्याच्या ऑफिसात एक नियम होता. खुर्चीवरून उठलं की ब्राउझर बंद करायचा. पाणी प्यायला उठलात तरी, दार उघडायला उठलात तरी. नियम अक्कांचा. अक्का म्हणजे हे ऑफिस, बायकांसाठीचं मदत केंद्र, चालवणाऱ्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वर्गात असल्यासारखाच. नियमामागे कारण होतं. काही वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्याविरुद्धचा अर्ज आमच्या संगणकावर लिहून गेली, आणि दोन दिवसांनी केंद्रात तेव्हा रेल्वेची तिकिटंही काढून मिळायची म्हणून तिचाच नवरा तिकीट मागत त्याच खुर्चीत येऊन बसला. पान उघडंच होतं. ती बाई पुन्हा आमच्याकडे आली नाही. अक्का तिच्या गावाला जाऊन आल्या तर दाराला कुलूप. त्यानंतर अक्कांनी एका संगणक क्लासच्या सरांना बोलावून सांगितलं, "असं काहीतरी करून द्या की इथे कुणी बसून गेलं याची खूणसुद्धा राहू नये." सरांनी करून दिलं. काय केलं ते कुणी विचारलं नाही.

मला हा नियम पटायचा, पण अंगवळणी पडायचा नाही. मी जळगावात छापखान्यात वाढले. वडील पत्रकं छापायचे. पाणीटंचाईची, कापसाच्या भावाची, बस बंद केल्याच्या निषेधाची. शाई वाळायच्या आत मी ती वाचलेली असायची. वडिलांचा पक्का दंडक होता की पत्रकाखाली छापणाऱ्याचं नाव हवंच. जे म्हणायचं ते नावानिशी म्हणा, नाहीतर गप्प बसा. त्यामुळे सगळं पुसून टाकण्याची ही पद्धत मला थोडी भित्री वाटायची. मी तसं अक्कांना एकदा बोलून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडलांना कुणी घरी जाऊन मारणार नव्हतं, बाई."

त्या दिवशी सकाळी शिरपूरकडची एक मुलगी आली. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, तिथून पहिली बस पकडून निघालेली. बारावी झालेली, केसांना भरपूर तेल, छातीशी प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत सगळे दाखले. तिला जळगावच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा लागली होती. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत संकेतस्थळावर जाऊन दाखले चढवायचे आणि 'जागा स्वीकारली' हे बटण दाबायचं. नाही दाबलं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. तिच्या गावातून नर्सिंगला जाणारी ती पहिली. हे तिने सांगितलं नाही, सोबतच्या शिफारसपत्रात होतं.

"तुमच्याकडं नेट शे ना, ताई?" तिने दारातूनच विचारलं आणि लगेच शुद्ध मराठीवर आली. "म्हणजे, आहे ना?"

"शे," मी म्हटलं. ती हसली. त्या दिवसातलं तेवढंच निवांत हसणं.

अडचण एकच होती. प्रवेश करताना संकेतस्थळ एक कोड पाठवत होतं, आणि तो जायचा तिच्या वडिलांच्या फोनवर. घरात फोन तो एकच. वडील गावी शेतात, आणि गावात नेटवर्क मिळायचं ते फक्त शाळेच्या मागच्या उंचवट्यावर. मुलीने आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं की सकाळी वडिलांनी तिथे जाऊन उभं राहायचं. मी माझ्या मोबाइलवरही ते पान उघडून पाहिलं, पण छोट्या पडद्यावर पानाचा तळ कापला जात होता, बटणच दिसत नव्हतं. चौकातल्या नेट कॅफेत तिच्यासारख्याच मुलामुलींची रांग रस्त्यापर्यंत आली होती. मग आमचाच संगणक.

पहिला कोड सहज आला. मी आत जाताना 'हा संगणक लक्षात ठेवा' या चौकटीत टिक केली, म्हणजे पुढच्या वेळी कोड मागू नये. दाखले चढवले. पान म्हणालं, दाखल्यांची तपासणी सुरू आहे, बटण थोड्या वेळाने दिसेल. आम्ही वाट पाहत बसलो आणि वीज गेली. आमचा यूपीएस म्हणजे टूं टूं असा गळा काढून लगेच प्राण सोडणारा. संगणक बंद.

वीज आली. मी पान उघडलं. संकेतस्थळाने पुन्हा कोड मागितला.

"टिक केली होती ना, ताई?"

"केली होती."

"मग?"

मग काय, ते मला तरी कुठे माहीत होतं. वडील तोवर काम झालं समजून निंदणीला निघून गेले होते. शाळेजवळच्या दुकानदाराला फोन केला, त्याने एका पोराला शेतात पिटाळलं, वडील धापा टाकत परत उंचवट्यावर. मुलीने माझा फोन स्पीकरवर ठेवला.

"बा, कोड उना का?"

"थांब, दखस. हा, उना. काहीतरी ऑफर शे, महिनाभर बोलनं फुकट."

"बा, ती रिचार्जनी जाहिरात शे! दुसरा मेसेज दख. आकडा सांग आकडा!"

"वरडू नको ना व! आठे बठ्ठं इंग्रजी शे."

आकडे मिळाले. आत गेलो. पुन्हा टिक केली. बटण अजून आलेलं नव्हतं. तेवढ्यात डोक्यावरून पदर पुढे ओढलेली एक बाई दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली. अक्कांनी आम्हा दोघींकडे नुसतं पाहिलं. आम्ही उठून बाहेरच्या बाकावर गेलो. ती बाई बोलणार होती, आणि ती बोलताना खोलीत अक्कांशिवाय कुणी नसतं. आम्ही परत आलो तेव्हा पडदा कोरा होता.

"अक्का, ब्राउझरची खिडकी कुणी बंद केली?"

"मी. तू उठलीस ना?" नियम पाळल्याच्या समाधानाने त्या म्हणाल्या.

मी पान उघडलं. कोड हवा. आणि या वेळी त्याच्याखाली तांबड्या अक्षरांत एक ओळ होती. आज आता एकदाच कोड मागवता येईल, त्यानंतर हे खाते उद्यापर्यंत बंद राहील.

मुलगी ती ओळ वाचत राहिली. ओठ हलवून, शाळेत वाचतात तशी.

"उद्या म्हणजे पाचच्या नंतर," ती म्हणाली.

"हो."

"मग कोड मागू नका, ताई."

"नाही मागत. आधी हा विसरतो का ते शोधते."

त्या क्षणी मला आलेला राग मी अजून विसरलेले नाही. पूर्वी एखादी जागा नाकारायला निदान खिडकीमागे एक माणूस बसलेला असायचा. त्याच्याशी भांडता यायचं, त्याच्या साहेबाकडे जाता यायचं, त्याच्या नावाने पत्रक काढता यायचं. आता खिडकीही नाही आणि माणूसही नाही. एका मुलीचं शिक्षण तांबड्या ओळीवर लटकवून ठेवलेलं, आणि ती ओळ कुणी लिहिली, का लिहिली, डोंगरातल्या बापाला दिवसभर उन्हात उभं करताना लिहिणाऱ्याला काय वाटलं, हे विचारायला जागा नाही. मी हे सगळं मोठ्याने बोलले असावे, कारण अक्का आतून म्हणाल्या, "सभा संध्याकाळी घे. आता काम कर."

काम म्हणजे काय, ते थोडं सांगते. आपण एखाद्या संकेतस्थळावर गेलो की ते आपल्या संगणकात एक चिठ्ठी ठेवून जातं. हिला मी ओळखतो, हिने कोड दिला आहे, असं काहीतरी. त्या चिठ्ठीला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि आपण आत जातो. आमचा ब्राउझर चिठ्ठी घेत होता, पण खिडकी मिटली की फेकून देत होता. का, ते शोधायचं होतं. आणि कोड खर्च न करता शोधायचं होतं. म्हणून मी माझ्या स्वतःच्या मेलवर प्रयोग सुरू केला. आत जायचं, खिडकी बंद करायची, पुन्हा उघडायची. प्रत्येक वेळी मेल मला अनोळखी माणसासारखं नाव विचारत होता.

पहिला संशय सेटिंगवर. तिथे 'बंद करताना सगळं पुसा' असा एक खटका असतो. तो बंदच होता. कुकीज ठेवायला परवानगी होती. त्या कॉलेजच्या संकेतस्थळाचं नाव मी 'नेहमी ठेवा' या यादीत टाकलं. माझ्या मेलचंही टाकलं. बंद केलं, उघडलं, मेल मला विसरलेला.

दुसरा संशय संगणक स्वच्छ करणाऱ्या एका प्रोग्रामवर. अशा प्रोग्रामना कचरा आणि कामाची चिठ्ठी यातला फरक कळत नाही. तो काढून टाकला. संगणक पुन्हा सुरू केला. मेल विसरलेला. संगणकाची तारीख चुकली की चिठ्ठ्या बाद होतात म्हणून तीही पाहिली, बरोबर होती. ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन एक एक करून बंद केली. काही नाही. माझ्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण भाद्रपदातल्या धुळ्यात पंखा गरम हवा फक्त इकडून तिकडे करतो.

फोन वाजला. वडील.

"व्हयनं का?"

"नही बा. थांब थोडं."

"उनमा उभा शे मी. कितला डाव इचारतस त्या? मनी आंडेर चोर शे का?"

मुलीने फोन कानापासून थोडा दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. माझी मुलगी चोर आहे का, या प्रश्नाचं उत्तर मी द्यावं असं तिला वाटत होतं की काय, कुणास ठाऊक.

"काका," मी फोनकडे तोंड करून म्हटलं, "सावलीत बसा, पण तिथून हलू नका. अजून एकदा लागेल."

"तुमी कोन?"

"ऑफिसातली."

"मंग ऑफिसनं मशीन बिघडेल शे का?"

"हो काका. आमचंच बिघडलंय."

"सांगानं ना मंग आगोदर!" ते म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांचा आवाज निवळला.

मी पुन्हा सेटिंग उघडली. कितव्यांदा ते आठवत नाही. आणि या वेळी, बहुधा डोळे थकले होते म्हणून, मी वाचायचं सोडून नुसतं पाहिलं. सेटिंगचं पान आमच्या खिडकीत उघडलंच नव्हतं. ते शेजारी, वेगळ्या खिडकीत उघडलं होतं. आणि ती खिडकी पांढरी होती.

आमच्या ऑफिसातला ब्राउझर काळा. पहिल्या दिवसापासून काळा. आम्हाला वाटायचं तो तसाच असतो, जसं एखाद्याचं टेबल तपकिरी असतं. काळ्या पट्टीच्या कोपऱ्यात टोपी-चष्म्याचं एक चिन्ह होतं. तेही रोजचंच. मी माऊस त्याच्यावर नेला. खाजगी खिडकी. ती बंद होताना सगळं विसरते, कारण ती त्यासाठीच बनवलेली असते. क्लासच्या सरांनी एवढंच केलं होतं. पडद्यावरच्या ब्राउझरच्या चित्राला आज्ञा देऊन ठेवली होती की कुणीही, केव्हाही दाबलं तरी खाजगी खिडकीच उघड. आणि मी सकाळपासून पांढऱ्या खिडकीतली सेटिंग दुरुस्त करत होते आणि काळ्या खिडकीत काम करत होते. एकीचं औषध दुसरीला.

मी पांढऱ्या खिडकीत माझा मेल उघडला, आत गेले, खिडकी बंद केली, संगणकाच्या यादीतून ब्राउझर साधा उघडला. मेल उघडाच. मला ओळखणारा.

"सापडलं!" मी ओरडले. मुलगी उभी राहिली. अक्काही आल्या.

मी त्यांना समजावलं. ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे सरांनी काम चोख केलंय. त्याला हात लावायचा नाही."

"अक्का, हिची जागा जाईल."

"आणि आत्ता जी बाई बसली होती तिचं? काल आली होती तिचं?"

"त्यांच्यासाठी काळी खिडकी राहू दे ना. मी ती मोडत नाहीये. हिच्यापुरती ही दुसरी उघडते."

"आज हिच्यापुरती. उद्या तू विसरशील, परवा कुणी त्या पांढरीत अर्ज लिहील. मला माहीत आहे कसं होतं ते."

"तुम्ही एका बाईच्या भीतीने दुसरीचं दार बंद ठेवताय!" मी म्हटलं. हे पत्रकात शोभलं असतं. खोलीत ते फार मोठं वाटलं. अक्कांचा चेहरा आवळला. त्या काही बोलणार, एवढ्यात मुलगी मध्ये पडली.

"अक्का, माझ्यात लपवण्यासारखं काही नाही. माझं राहिलं तरी चालेल. राहायलाच पाहिजे."

अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. "संपल्यावर माझ्यासमोर पुसायचं," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून आमच्या मागे बसल्या. गेल्या नाहीत.

मी पांढऱ्या खिडकीत पान उघडलं. बोट बटणावर ठेवलं आणि थांबले. हाच शेवटचा. तिने फोन लावला.

"बा, तठेच शे ना?"

"शे. बोल."

मी दाबलं. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता, लांब कुठेतरी ट्रॅक्टर.

"उना," वडील म्हणाले. "यावेळ जाहिरात नही." आणि त्यांनी आकडे एक एक करून, शाळेत पाढे म्हणतात तसे सांगितले. ती ते परत म्हणायची, मी टाकायची. आत गेलो. मी टिक केली, दोनदा पाहून केली. पान म्हणालं, तपासणी पूर्ण. बटण अजून करडं होतं, दाबता येत नव्हतं.

"पान ताजं कर," अक्का मागून म्हणाल्या.

मी ताजं केलं. करडंच.

आणि वीज गेली.

यूपीएसने गळा काढला. पडदा काळा झाला. मुलीने तोंडावर हात ठेवला. ती रडली नाही, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता. पंखा थांबता थांबता करकरला. मी तारीख, वेळ, सेटिंग सगळं मनात तपासत होते. टिक केली होती. साधीच खिडकी होती. चिठ्ठी डिस्कवर उतरली असेल, की नसेल? यावर कुणाकडे शंभर टक्के उत्तर नसतं. रस्त्यावर कॅफेच्या रांगेतून मोठा ओरडा उठला. तिथेही वीज गेली होती. त्यांच्यातही कुणीतरी बटणापाशी असेल.

"फार वेळ नाही जायची," अक्का म्हणाल्या. "या वेळची दहा-पंधरा मिनिटांतच येते." त्यांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला होता. मघाशी ज्या हाताने खिडकी बंद केली तोच.

वीज आली तेव्हा पाचला फार वेळ उरला नव्हता. संगणक सुरू व्हायला नेहमीसारखाच वेळ घेत होता, एखाद्या कारकुनासारखा, कागद हलवत, खोकत. मी पडद्यावरच्या चित्राकडे माऊस नेला आणि अक्का ओरडल्या, "ते नको! ते काळं आहे!" मी खालच्या यादीतून साधा ब्राउझर उघडला. संकेतस्थळाचा पत्ता टाकला.

पान उघडायला लागलं. वर मुलीचं नाव आलं. कोड मागितला नाही.

खाली बटण हिरवं होतं.

"तूच दाब," मी उठून खुर्ची तिला दिली. तिने ओढणीला बोट पुसलं आणि दाबलं. पान फिरलं, फिरलं, आणि म्हणालं, आपण जागा स्वीकारली आहे.

तिने फोन उचलला. "बा. भेटनी जागा."

पलीकडे वडील कुणाला तरी, दुकानदाराला असेल, ओरडून सांगताना ऐकू आले. आमच्याशी बोलायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. तिने फोन ठेवला.

"आता पूस," अक्का मला म्हणाल्या.

मी सेटिंगकडे वळले तेवढ्यात मुलीने माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट.

"पुसलं म्हणजे जागा पण जाईल?"

"नाही गं. जागा त्यांच्याकडे नोंदली गेली. आपल्याकडे नुसती ओळखीची चिठ्ठी आहे, ती पुसायची."

"सकाळी पण तुम्ही म्हणाल्या होत्या, टिक केली म्हणजे राहतं."

अक्का हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदा, आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. पोरी, हिच्यावर विश्वास ठेवू नकोस. काय पाहिजे तुला?"

"कागद."

प्रिंटर लावला. तो कुरकुरला, पहिलं पान वाकडं ओढलं, दुसरं सरळ काढलं. तिने ते अजून गरम असतानाच हातात घेतलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं, ओठ हलवत. नाव, कॉलेज, जळगाव. मग वाकडं आलेलं पानही मागून घेतलं आणि दोन्ही पिशवीत घातली.

"आता पुसा," ती म्हणाली.

मी पुसलं. अक्का वाकून बघत होत्या. तेवढ्याने मुलीचं समाधान झालं नाही. तिने मला संकेतस्थळ पुन्हा उघडायला लावलं. त्याने तिला ओळखलं नाही, कोड मागितला. तिने पडद्याकडे पाहिलं, मग पिशवीत हात घालून कागद आहे का ते चाचपलं. होता. मग ती उठली, आणि उठता उठता तिनेच ब्राउझर बंद केला.